तृतीय पाद आणि निवृत्तीचे वय

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वाचले आहेत. वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. पुढे सारे आयुष्य आपण पहिल्या दोन पादांच्या चिंतनात घालवतो. चौथा पाद आपणहून दारात येतो. तिसऱ्याचा विचार मात्र 'घरचे कोणी बरोबर आले आहे का?' एवढ्या प्रश्नापुरताच उरतो. या प्रश्नाचे उत्तर अलीकडे फार वेळा नकारार्थी येते. तालुक्याच्या गावांतून आज अशी अनेक घरे आहेत, की जिथे दोनच वयस्कर माणसे राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी त्याहून दूर. दोघांपैकी एक आजारी पडला की दुसरा परिचारक होतो आणि महिन्याभरात तोही रुग्ण होऊन आपल्यासमोर बसतो.

ही पोकळी आज थोडीबहुत भरून निघत असेल, तर ती रुग्णसेवेसाठी स्थापन झालेल्या सेवाभावी संस्थांमुळे, आणि या संस्था चालतात त्या मुख्यतः निवृत्त माणसांच्या बळावर. परळच्या नाना पालकर स्मृती समितीसारखी 1968 पासून बाहेरगावच्या रुग्णांना आधार देणारी संस्था सर्वांस ठाऊक असते. परंतु दोन खोल्यांत चालणारी, साताठ स्वयंसेवकांची लहान मंडळे आता अनेक गावांत दिसतात. आमच्या गावच्या अशा एका मंडळातील स्वयंसेवकांची दर तीन महिन्यांनी तपासणी करण्याचे काम गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाकडे आहे. त्यातून जे दिसले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वयाचा विचार. महाराष्ट्र शासनाचा बहुतांश कर्मचारीवर्ग 58 व्या वर्षी निवृत्त होतो. चरकाचार्यांनी मध्यम वयाची मर्यादा साठीपर्यंत मानली आहे, सुश्रुताचार्यांनी ती सत्तरीपर्यंत नेली आहे. म्हणजे शासन ज्याला निरोपाचा नारळ देते, त्याला दोन्ही आचार्य अजून मध्यम वयातच ठेवतात! निवृत्तीनंतरची पहिली दहा-बारा वर्षे हा बहुतेकांच्या बाबतीत बळाचा काळ असतो, फक्त त्या बळाला उतार लागलेला असतो आणि वाताचा अंमल हळूहळू वाढत असतो. सेवेसाठी येणारा माणूस नेमका या संधिकाळात उभा असतो. त्याला तरुण समजणे जसे चूक, तसे वृद्ध समजून नुसते खुर्चीवर बसवून ठेवणेही चूक.

ही माणसे करतात काय? मंडळाचे मुख्य काम रुग्णोपयोगी साहित्य देण्याचे. चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारी खाट, शय्याव्रण होऊ नये म्हणून हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवून वस्तू न्यावी, काम झाले की परत आणून अनामत घेऊन जावी. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात परत आलेली कमोड खुर्ची कोणी धुवायची, हवेच्या गादीचे छिद्र कोणी शोधायचे, हा खरा प्रश्न असतो. आमच्याकडे हे काम एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ करतात. चाकाचे बेअरिंग काढून, स्वच्छ करून, वंगण घालून पुन्हा बसवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते पाहिल्यावर त्यांना निद्रानाशासाठी काही द्यावे असे मनातही येत नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे, आणि माझ्या मते हेच अधिक मोलाचे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना रुग्णाच्या पदरात पडायची, तर शिधापत्रिकेवरील आणि आधारपत्रावरील नाव जुळावे लागते. एकावर 'लक्ष्मीबाई', दुसऱ्यावर 'लक्ष्मी', तिसऱ्यावर सासरचे नाव. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, हे अनेक नातेवाइकांना ठाऊकच नसते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पण त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. ज्याने तीस वर्षे सरकारी कचेरीत नस्त्या हाताळल्या, त्याला अशा कामात जी गती असते, ती आपल्याला कधीच येणार नाही. परिचारकाच्या गुणांत वाग्भटाचार्यांनी रुग्णाविषयीची आपुलकी, शुचिता आणि तत्परता यांच्या जोडीला बुद्धिमत्ताही सांगितली आहे. ती बुद्धी आजच्या काळात पुष्कळदा अर्ज भरताना लागते.

तिसरे काम सोबतीचे. शहरातील मोठ्या रुग्णालयात रुग्णाबरोबर जाणे, रांगेत उभे राहणे, डॉक्टरांनी सांगितलेले वहीत टिपून घेणे. ऑगस्ट 2022 पासून एस.टी.त 75 वर्षांवरील प्रवाशांना तिकीट नाही, 65 ते 75 या वयोगटाला अर्धे तिकीट आहे, आणि मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धे. या सवलतींमुळे सोबतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या वाढली. तशी त्यांच्या प्रवासजन्य तक्रारींचीही.

येथून आपल्या शास्त्राचा विषय सुरू होतो.

सत्कार समारंभांत वक्ते अशा स्वयंसेवकांना 'आपण तर आचाररसायनच घेत आहात' असे सांगतात. बोलणे खोटे नाही. चरकसंहितेच्या रसायनाध्यायात दान, दया, प्रियभाषण, वृद्धांविषयी आदर हे सारे आले आहे. परंतु त्याच यादीत जागरण आणि निद्रा यांचे समत्व आहे, दूध-तुपाचे नित्य सेवन आहे, आणि 'अनायास' म्हणजे अतिश्रम टाळणे हेही आहे. वक्ते अर्धीच यादी वाचतात. उरलेली अर्धी वाचून दाखवण्याचे काम वैद्याचे आहे, आणि ते रसभंगाचा दोष पत्करून करावे लागते.

एक उदाहरण देतो. पत्नीच्या निधनानंतर दोन महिन्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक मंडळात आले. सकाळी आठला येत, रात्री आठला घरी जात. रविवार नाही, सण नाही. दुपारचा डबा कधी तीनला उघडायचा, कधी तसाच परत जायचा. सहा महिन्यांत वजन सात किलोने उतरले, मलावष्टंभ, रात्री दोनला जाग, हातापायांत मुंग्या. मंडळाच्या दृष्टीने मात्र ते आदर्श कार्यकर्ते होते आणि त्यांना कोणी थांबवत नव्हते. त्यांना तिळतेलाचा अभ्यंग, सौम्य अनुलोमन आणि दुपारी साडेबाराला जेवण एवढे सांगितले. पण खरी चिकित्सा होती ती कामाचे तास बारावरून चारवर आणण्याची. ती गोष्ट त्यांना पटवणे औषधापेक्षा कठीण गेले. रिकाम्या घरात संध्याकाळी करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो काही अग्निमांद्याचा प्रश्न नव्हता. अखेर संध्याकाळी दोन शेजारच्या मुलांना गणित शिकवण्याचे त्यांनी ठरवले. वजन अजून पूर्ण भरलेले नाही. झोप मात्र आता चारपर्यंत लागते.

व्यायामाच्या संदर्भात अर्धशक्तीचा जो नियम सांगितला आहे, तो सेवेला जसाच्या तसा लावावा असे माझे मत आहे. मात्र हे ध्यानात घ्यावे की तो नियम बलवान आणि स्निग्धभोजी माणसासाठी, तोही शीतकाळी आणि वसंतात आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. ज्याला दम्याचा, हृद्रोगाचा किंवा प्रमेहाचा इतिहास आहे त्याची अर्धशक्ती आपण नाडी पाहून आणि चौकशी करून ठरवावी, त्याच्या उत्साहावर सोपवू नये. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या मंडळाचे केंद्र सकाळी आठ ते दहा एवढेच उघडे असते. सुरुवातीला यावर कुरकुर झाली; रुग्णांच्या बाजूने एकही तक्रार आली नाही.

खाट उचलणे हे काम साठीच्या माणसाने करू नये, मग तो कितीही धडधाकट असो. कटिग्रहाचे तीन रुग्ण मला एकाच पावसाळ्यात या एका कारणाने पाहावे लागले. महाविद्यालयातील मुलांना त्यासाठी फोन करावा, ती आनंदाने येतात. रात्रीची सोबत अपरिहार्य असेल, तर दुसऱ्या दिवशी जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोप घ्यावी, हा आपल्या ग्रंथांतील उपाय अत्यंत व्यवहार्य आहे. चहा घेऊन बाजारात जाणाऱ्यांना तो आवर्जून सांगावा. क्षयरुग्णांच्या घरी शिधा पोहोचवणाऱ्यांची संख्या 2022 च्या निक्षय मित्र उपक्रमानंतर वाढली आहे. त्यांनी मुखपट्टी वापरावी आणि शक्यतो अंगणात बसून बोलावे. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, त्यांना हे काम देऊच नये.

वेगावरोधाविषयी कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मोठ्या रुग्णालयातील रांग सोडली की पाळी जाते, या भीतीने सोबतीला गेलेला स्वयंसेवक चार-चार तास मूत्रवेग धरून ठेवतो. स्त्रिया तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. साठीच्या पुरुषात पौरुषग्रंथीचा त्रास आधीच सुरू झालेला असतो. सोबतीला दोघांनी जावे, एवढा साधा नियम केल्याने हा प्रश्न मिटतो. मंडळे तो खर्चाचे कारण देऊन टाळतात. अर्ध्या तिकिटाच्या काळात हे कारण टिकणारे नाही.

आणखी एक बाजू आहे, ती काहीशी अप्रिय. निवृत्त होतो तो पुरुष. त्याच्या पत्नीला निवृत्ती नसते. गुडघे धरून ओट्यापाशी उभी असलेली एक आजी मला म्हणाली, "वैद्यबुवा, हे साऱ्या गावाला खुर्च्या देतात, मला एक उंच स्टूल आणून द्यायला सांगा." स्टूल दुसऱ्या दिवशी आले. तेव्हापासून स्वयंसेवकाच्या तपासणीत घरी आजारी कोण आहे, त्यांचे औषध-पाणी कोण पाहते, हा प्रश्न मी नेमाने विचारतो. स्त्री स्वयंसेवकांच्या बाबतीत तर हा विचार अधिकच हवा. निवृत्त परिचारिका किंवा शिक्षिका नातवंडे शाळेत गेल्यावर अकरा ते एक एवढाच वेळ देऊ शकतात. त्या दोन तासांत त्या जे करतात ते इतरांच्या दिवसभराच्या कामाच्या तोडीचे असते. पण सभा सायंकाळी सहाला ठेवल्या जातात आणि निर्णय त्यांच्यावाचून होतात.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडेसे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीला परवाना लागत नाही. ही आपली सोय आहे आणि आपली जोखीमही. मंडळाच्या टेबलावर कुठल्या तरी काढ्याच्या बाटल्या केव्हा येऊन बसतात ते कळतही नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि स्वयंसेवक 'माझ्या मेहुण्याला गुण आला' म्हणून त्या वाटू लागतो. कर्करोग, मधुमेह यांसारख्या व्याधी बऱ्या होतात अशी जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आणि मंडळाच्या फलकाशेजारी लावलेले दुकानाचे पत्रक ही जाहिरातच असते. परिचारकाने द्रव्याच्या पादावर पाय ठेवू नये. आपण दानशूर असाल तर चाकाची खुर्ची द्यावी आणि तिच्या पाठीवर दुकानाचे नाव न घातल्यास उत्तमच.

सर्वांत नाजूक प्रश्न उरलेल्या औषधांचा. रुग्ण दगावल्यावर घरचे लोक साहित्याबरोबर औषधांची पिशवीही आणून देतात. गोळ्यांची अर्धी पाकिटे, उघडलेले चूर्ण, निम्मे संपलेले तेल. 'कोणा गरिबाला द्या', असे डोळे पुसत सांगतात. नाही म्हणणे जड जाते. परंतु उघडलेले चूर्ण किती दिवसांचे, ते कोठे ठेवले होते, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत उणावते असे सांगितले आहे, तेही नीट साठवलेल्या चूर्णाविषयी. आमच्या गावातील एका औषधविक्रेत्याने यावर मार्ग काढला. त्याच्या दुकानात कुलूपबंद पत्र्याची पेटी आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'येथे औषधे परत घेतली जातात, दिली जात नाहीत.' घरच्यांकडून पिशवी स्वयंसेवक घेतो, दोन शब्द बोलतो, आणि त्यांच्यादेखतच पेटीत टाकतो. दर शनिवारी ती पेटी ग्रामीण रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. किल्ली निवृत्त मुख्याध्यापकांकडे असते.