मावशी एक, गवळणी कितीही

कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र कुणाला पाठ नाहीत आणि समोरचा काय बोलेल याचा भरवसा नाही, अशा खेळाला माणसं किती असावीत? टेबलाभोवती बसून, एकेक पात्र वाटून घेऊन ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांत हा वाद जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या मूळ नियमांत त्याचं उत्तर दिलेलं आहे आणि ते वाचून आजचा खेळाडू हबकतो: ४ ते ५० खेळाडू, साधारण २० जणांमागे एक पंच. २०१४ सालच्या मार्गदर्शिकेत लढतींचं गणित ३ ते ५ पात्रं धरून मांडलेलं आहे. पन्नासाचे पाच का झाले, याचा उलगडा गायगॅक्सच्या विस्कॉन्सिनपेक्षा तमाशाच्या सोलापूरकडे पाहिलं तर लवकर होतो, असं माझं मत आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात धोंडी शाहिराच्या फडात रमलेला राम जोशी याच गावचा, आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे वसंत सबनीस यांचा जन्मही इथलाच, १९२३चा.

गण, गवळण, बतावणी, वग ही चढण वाचकांना सांगायला नको. लक्षात घ्यायचं ते एवढंच की जुन्या फडाच्या वगाला संहिता नव्हती. कथा आणि पदं ठाऊक असत, बोलणं जागच्या जागी सुचायचं. सरदार सरळ प्रश्न टाकतो, सोंगाड्या तो वाकडा करून परत फेकतो, आणि ही फेक पकडायला तिसरा कुणी तयार असावा लागतो. चौथा तोंड घालू लागला की विनोदाचा ठोका चुकतो. मग गवळणीत काय होतं ते पाहा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी चांगल्या पाच-सहा असतात, वाट अडवायला कृष्ण आणि पेंद्या. सगळ्या एकदम भांडू लागल्या तर कुणाचंच काही ऐकू येणार नाही. म्हणून मावशी. पुरुषाने वठवलेली, डोक्यावर पदर ओढलेली, हातवारे करत साऱ्यांच्या वतीने हुज्जत घालणारी. गवळणी नाचतात, मुरकतात, फार तर एखादा शब्द टाकतात, वाद मावशीचा. संख्या वाढली की तोंडं कमी करायची, ही फडाने काढलेली युक्ती आहे.

गंमत अशी की अमेरिकेतल्या खेळाडूंनाही शेवटी मावशीच नेमावी लागली. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१च्या ‘बेसिक’ नियमांत टोळीतल्या एकाला सर्वांच्या वतीने पंचाशी बोलायचं काम दिलेलं आहे; बाकीच्यांनी आपला बेत त्याच्या कानावर घालायचा. पुढे टोळ्या लहान झाल्या आणि हे पद आपोआप मागे पडलं. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मोकळ्या गप्पांच्या घोळक्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष: एका संभाषणात साधारण चार माणसं टिकतात, पाचवा आला की घोळका फुटू लागतो. यावर हरकत निघेल की मग पंच आणि चार खेळाडू मिळून पाच होतात, त्यांचं कसं जमतं? जमतं, कारण तिथे गप्पा मोकळ्या नसतात. पंचाच्या रूपाने सरदार बसलेला असतो; कुणाचं बोलणं कधी तोडायचं आणि कुणाला पुढे ओढायचं हे तो ठरवतो. त्याच्या जोरावर एखादं माणूस जास्त खपतं. पंधरा खपत नाहीत.

‘विच्छा’ या दृष्टीने तपासण्यासारखं आहे. १९६५ साली दादा कोंडके यांनी ते रंगभूमीवर आणलं, आणि हवालदाराच्या भूमिकेत ते रोज नवं काही बोलत, ताज्या बातमीवर घसरत, ही त्याची ख्याती. सबनीसांनी मूळ वग बांधला तो राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणि मैनावती या पाचांवर. कोतवाली मिळवायची म्हणून हवालदार मैनेला हाताशी धरतो, ती कोतवालाकडे राजाचा छपरी पलंग मागते, आणि भानगड वाढत जाते. बहुतेक जागी बोलणारे दोघं-तिघंच. इतक्या मोकळ्या वावात एकाने भरकटावं आणि दुसऱ्याने त्याला कथेवर परत आणावं, हे शक्य होतं. दरबारात आणखी पाच मानकरी बोलके ठेवले असते, तर दादांच्या त्या उड्या झेलायला कुणी मोकळं राहिलं नसतं, हा माझा तर्क.

आजचे मोठे तंबूचे फड शंभरावर माणसं घेऊन फिरतात, त्याचं काय? त्यातले बहुतेक तंबू ठोकणारे, वादक, नर्तकी, स्वयंपाकी, गाडीवाले. उत्स्फूर्त बोलणारे त्यात मोजकेच. गायगॅक्सचे पन्नासही असेच फुगलेले. ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेचे होते, एका रात्रीच्या बैठकीचे नव्हेत. शिवाय हा खेळ सैन्यांच्या पटावरच्या लढायांतून निघालेला, तिथे मोहरे हलवायचे असतात, बोलायचं कमी. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे: तमाशाला प्रेक्षक असतो, टेबलाला नाही. खरं आहे, पण त्याने आकडा आणखी खालीच येतो. फडातला रिकामा माणूस झीलकऱ्यांत उभा राहून ‘जी जी रं जी’ ओढतो, तुणतुणं धरतो. टेबलावरचा रिकामा माणूस मोबाइल काढतो.

मग खाली कुठे थांबायचं? राम जोशी पुढे मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला असं सांगतात, आणि कीर्तनात एकटा बुवा राजापासून दासीपर्यंत सारं बोलतो. पण तिथे आश्चर्याचा धक्का श्रोत्यांना बसतो, बुवांना नाही. दोन खेळाडूंत तट पडला की तोडगा काढायला तिसरा नसतो. तिघांत एक आजारी पडला की रात्र बुडते. म्हणून पंच वगळून चार, आणि दांड्या मारणारं कुणी असेल तर पाच. सहावा आलाच तर आधी मावशी नेमावी, आणि सात झाले की सरळ दोन फड करावेत.