नर्व्ह एजंटवरचे उतारे : प्राण्यांवरील प्रयोग काय सांगतात?

सरीन, सोमन, टाबून ही विषे ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मग स्राव वाढतात, झटके येतात, श्वास बंद पडतो.

• ॲट्रोपिन : स्राव आटवते, मंदावलेले हृदय सावरते. लुळ्या स्नायूंवर मात्र चालत नाही.

• ऑक्झाइम : विकराला चिकटलेले विष सोडवतात. सोमनवर एचआय-६ हे प्रॅलिडॉक्झिमपेक्षा सरस; टाबूनवर ते फिके पडते, तिथे ऑबिडॉक्झिम बरे.

• डायझेपाम, मिडाझोलाम : झटके थांबवून मेंदूची हानी कमी करतात.

• तुलना कशी करतात? : निम्मे प्राणी दगावतील इतकी विषाची मात्रा उपचारासह आणि उपचाराविना मोजतात. पहिलीला दुसरीने भागले की ‘संरक्षण गुणोत्तर’ मिळते. ते ५ आले, तर उपचारामुळे पाचपट विष सोसता आले.

• प्राणी कोणता? : उंदरांच्या रक्तातील कार्बोक्सिलएस्टरेज बरेचसे सोमन आधीच अडवते. म्हणून गिनीपिग आणि माकडांवरचे निष्कर्ष माणसाला अधिक लागू पडतात.

• वेळ : माणसात सोमनची पकड काही मिनिटांतच पक्की होते, सरीनची काही तासांत. त्यानंतर ऑक्झाइम निरुपयोगी.

• मान्यता : माणसांना मुद्दाम विष देऊन औषध तपासता येत नाही. म्हणून २००२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने प्राण्यांवरील पुरावा ग्राह्य धरणारा नियम केला. त्याखाली २००३मध्ये पहिली मान्यता मिळाली ती पायरिडोस्टिग्मिनला. सोमनच्या हल्ल्याची शक्यता असल्यास सैनिकांनी आधीच घ्यायची ही गोळी आहे.

• शेतीशी संबंध : ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकेही हेच विकर रोखतात. त्यांच्या विषबाधेतही पहिला आधार ॲट्रोपिनचाच.