ऑनलाइन साधनांची भीती का बाळगावी?

वर्गात ऑनलाइन साधने आली की मोठ्यांना तीन प्रकारची भीती वाटते : मूल नको ते पाहील, शिक्षकाचे महत्त्व घटेल आणि आपल्याला ते जमणार नाही.

परितेवाडीच्या (जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. साधनाने शिक्षक लहान झाला नाही.

२०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वर पुस्तकातील कोड स्कॅन केला की त्याच धड्याचे साहित्य उघडते. पालकांनी मुलाशेजारी बसून एक धडा पाहावा. मुलाकडून शिकण्यात कमीपणा नाही. साधन कळले की देखरेखही जमते. सरसकट बंदी घातली, तर खाजगी शिकवणी न परवडणाऱ्या घरातील मुलाचेच अधिक नुकसान होईल.