भूमिन्यास : संकल्पना आणि कार्य

‘लँड ट्रस्ट’ या संज्ञेला मराठीत ‘भूमिन्यास’ असा प्रतिशब्द योजता येईल. ‘न्यास’ म्हणजे ठेवणे. त्यावरून, विश्वासाने सोपविलेली ठेव. ठेव म्हटली की ती कोणी राखावयाची आणि कोणासाठी, हे दोन प्रश्न ओघानेच येतात. भूमिन्यासाचे कार्य समजून घेण्यास हेच प्रश्न उपयोगी पडतात.

या संकल्पनेचे आरंभीचे स्पष्ट रूप अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आढळते. सार्वजनिक ग्रंथालय जसे ग्रंथ सांभाळते, कलासंग्रहालय जशी चित्रे, तसे निसर्गसुंदर भूखंड लोकांसाठी सांभाळणारे विश्वस्त मंडळ असावे, अशी सूचना उद्यानरचनाकार चार्ल्स एलियट यांनी १८९० साली केली. तदनुसार १८९१ मध्ये राज्याच्या कायद्याने ‘ट्रस्टीज ऑफ पब्लिक रिझर्व्हेशन्स’ ही संस्था स्थापन झाली. इंग्लंडमधील ‘नॅशनल ट्रस्ट’ १८९५ मधील आहे.

भूमी राखण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला म्हणजे दानाने वा खरेदीने मालकी मिळविणे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. मालकी मूळ धन्याकडेच राहते. तो जमीन कसू शकतो, विकूही शकतो. परंतु तीवर इमारती उठविण्याचा वा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तो कायमचा सोडतो. न्यासाला मिळतो तो केवळ निवारणाचा अधिकार. यास तेथे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ म्हणतात. आपल्याकडे ‘ईझमेंट’साठी ‘सुविधाधिकार’ हा शब्द रूढ आहे. पण १८८२ च्या भारतीय कायद्यातील सुविधाधिकार एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. येथे न्यासाची शेजारी जमीन असावीच लागते असे नाही. म्हणून ‘संरक्षण-निर्बंध’ हा पर्याय अधिक अन्वर्थक वाटतो. अमेरिकेतही जुन्या विधितत्त्वांत ही अडचण होतीच. ती दूर करण्यासाठी राज्यांनी स्वतंत्र कायदे केले व १८८२ नंतर जवळजवळ शतकाने, १९८१ मध्ये, एक आदर्श अधिनियम तयार झाला.

निर्बंध शाश्वत, माणसे मात्र नश्वर. दात्यामागून जमीन ज्याच्या हाती येते, त्याने करारावर सही केलेली नसते. म्हणून न्यासाचे कार्यकर्ते साधारणपणे वर्षातून एकदा जमीन पाहून मूळ नोंदीशी ताडून घेतात. परंतु उरलेले वर्षभर तिच्याकडे लक्ष असते ते शेजाऱ्यांचेच. निसर्गफेऱ्या, पक्षिगणना, शाळकरी मुलांच्या सहली, उपद्रवी परकीय वनस्पतींचे निर्मूलन हे उपक्रम गौण करमणूक मानले जातात, ते यामुळेच योग्य नव्हे. ज्याला झाड नावाने ठाऊक आहे, त्यालाच ते नाहीसे झाल्याचे कळते.

‘कोणासाठी’ हा प्रश्न मात्र अवघड आहे. निर्बंधाबद्दल मालकास करसवलत मिळू शकते, पण जमीन लोकांना खुली करण्याचे बंधन त्याच्यावर असतेच असे नाही. ग्रंथालयाला कुलूप असेल, तर ग्रंथ सुरक्षित राहतील; वाचक घडणार नाही.

आपल्याकडील देवरायांचा अनुभव याला पूरक आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. देवराई राखली ती लेखी करारापेक्षा गावाच्या श्रद्धेने आणि संकेताने. जेथे हा संकेत ढिला पडला, तेथे कुऱ्हाड पोहोचली. राखणीचे साधन कायदा असो वा श्रद्धा, ते पेलणारा समाज पिढीपिढीला घडवावा लागतो. भूमिन्यासाच्या लोकोपक्रमांचे मोल याच कसोटीवर ठरवावयास हवे.