जुना मोठा ट्रॅक्टर घ्यावा काय?

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांत पेरणीची एकच घाई उडते. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहता पाहता वाफसा निघून जातो व सोयाबीनची पेरणी लांबते. अशा वेळी ५० अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर आपणच घ्यावा, असे लहान शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा निर्णय यंत्राच्या आकारावरून न करता कामाच्या तासांवरून करावा.

समजा, पाच एकरांच्या शेतकऱ्याने चार लाख रुपयांचा जुना ट्रॅक्टर घेतला. शेकडा १० प्रमाणे व्याज ४०,००० रुपये व तितकाच घसारा धरल्यास यंत्र उभे राहिले तरी वर्षाकाठी ८०,००० रुपये भार पडतो. एकरी ६ तास धरता घरचे काम ३० तासांचे होते. म्हणजे डिझेल, विमा व दुरुस्ती वगळूनही तासाला सुमारे २,६६७ रुपये पडतात. तेच यंत्र वर्षात ४०० तास चालल्यास हा भार तासाला २०० रुपयांवर येतो. तेव्हा उरलेले ३७० तासांचे काम गावात मिळेल काय, हे आधी पाहावे. ते न मिळाल्यास कर्जाचा बोजा जमिनीवर येतो.

शक्ती अधिक म्हणजे लाभ अधिक, असेही नाही. नऊ फणांचा कल्टिव्हेटर किंवा पाच फुटी रोटाव्हेटर ३५ ते ४५ अश्वशक्तीवर चालतो. काळ्या जमिनीत ओल अधिक असता जड यंत्र फिरविल्यास खालचा थर दाबला जातो. मग पाणी मुरत नाही व मुळे खोल जात नाहीत. लहान तुकड्यात वळणासही जागा पुरत नाही. हळदीच्या उभ्या पिकात भर देण्यास मोठा ट्रॅक्टर उपयोगी पडत नाही.

तरीही घेणे ठरल्यास इंजिन थंड असताना स्वतःसमोर चालू करवावे. निळसर धूर सतत निघत असल्यास इंजिन तेल जाळीत आहे असे समजावे. रेडिएटरच्या पाण्यात तेल दिसल्यास सौदा करू नये. अवजार उचलून धरावे. ते लवकर खाली बसत असल्यास हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. क्लच, गिअर, ब्रेक व टायर तपासावेत. नोंदणीपुस्तकातील इंजिन व चॅसिस क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून मध्यम शक्तीचा ट्रॅक्टर घेणे, अथवा भाडेकऱ्याशी पेरणीपूर्वीच दिवस व दर ठरविणे, हे मार्गही आहेत. भागीदारीत पेरणीची पाळी व दुरुस्तीचा वाटा आधीच लिहून ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यासोबत बसून हा हिशेब कागदावर मांडून द्यावा. तोंडापूर येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्लाही अवश्य घ्यावा. वाफसा दरवर्षी येतो. घाईत केलेले कर्ज मात्र अनेक वर्षे फेडावे लागते.