चरबीची गाठ: हात लावून निदान होत नाही

अंगावर चरबीची गाठ दिसली की घरात दोनच सूर निघतात. एकाचं म्हणणं, दुखत नाही ना, मग असू दे. दुसरा थेट कॅन्सरवर जातो. बहुतेक वेळा पहिल्याचंच खरं ठरतं, कारण लायपोमा ही साधी गाठ सर्रास आढळते आणि निरुपद्रवी असते. पण गाठ चाचपून किंवा नुसती स्कॅनवर पाहून तिची जात ठरवणं किती फसवं आहे, हे हायबर्नोमा या दुर्मीळ गाठीवरून नेमकं कळतं. ही गाठ तपकिरी चरबीची. नवजात बाळाच्या अंगात ही चरबी बरीच असते आणि ती जळून त्याला ऊब देते. मोठेपणी थोडीच उरते. मर्केल यांनी 1906 साली या गाठीचं वर्णन केलं, गेरी यांनी 1914 मध्ये तिला आजचं नाव दिलं. ती बहुधा तरुण आणि मध्यम वयात मांडी, खांदा, पाठ किंवा मानेत हळूहळू, न दुखता वाढते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या 170 गाठींच्या अमेरिकी अभ्यासात मांडीतल्या गाठी सर्वाधिक होत्या, आणि घोटाळा होतो तो इथेच. मांडीत खोलवर वाढलेली मोठी चरबीची गाठ म्हटलं की आधी लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या कर्करोगाची शंका येते. त्यात हायबर्नोमात रक्तवाहिन्या भरपूर, आणि तपकिरी चरबी साखर ओढून घेते. त्यामुळे पेशी किती साखर खेचतात हे दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनवर ही निरुपद्रवी गाठ कॅन्सरसारखी लखलखते.

खरा निकाल पॅथॉलॉजीच्या टेबलावर लागतो. लायपोमा कापली तर आत पिवळीधमक असते. हायबर्नोमाचा छेद बहुधा तपकिरी दिसतो. साध्या चरबीपेशीत एकच मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला ढकललेलं असतं. हायबर्नोमाची पेशी मात्र तुतीच्या फळासारखी, बारीक थेंबांनी गच्च भरलेली, केंद्रक मध्यभागी. लायपोसार्कोमाच्या नेहमीच्या प्रकारात मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रकं सापडतात आणि एमडीएम2 जनुकाच्या जादा प्रती मिळतात. हायबर्नोमात बदल असतो तो अकराव्या गुणसूत्रावर. हायबर्नोमा पूर्ण काढली की सहसा उपचार संपला. म्हणून तुकड्याची तपासणी जशी कॅन्सर पकडते, तशीच नको त्या मोठ्या शस्त्रक्रियेतूनही वाचवते.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडसारख्या गावच्या माणसाने प्रत्येक गाठीसाठी तुमसर, भंडारा आणि मग नागपूर गाठायचं का? नाही. कातडीखालची, लहान, मऊ, वर्षानुवर्षं तशीच असलेली गाठ डॉक्टरांना एकदा दाखवली तरी बहुधा पुरे. पण गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, स्नायूंच्या आत खोल किंवा वाढत असेल, तर कापण्याआधी एमआरआय आणि जाड सुईने तुकडा घेणं टाळू नये. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगाव आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी ठरवून सुईची वाट निवडली तर हा धोका अगदी थोडा असतो. खोल गाठ तपासणीविना अर्धवट कापली, तर तिच्या पेशी आजूबाजूला सांडतात आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते; नुकसान तिथे जास्त आहे. काढलेली गाठ फेकून देणं तर अक्षम्यच. ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, भरपूर द्रावणात बुडवून पाठवावी लागते. नुसत्या पाण्यात ठेवली तर पेशी खराब होतात. रिपोर्टसोबत पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, आणि काचपट्ट्याही मागून जपाव्यात. शंका उरली, तर नागपूर किंवा मुंबईच्या कर्करोग रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट त्याच ब्लॉकवर एमडीएम2ची तपासणी करू शकतात. रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही.