उंबऱ्यापर्यंत पोचलेले वैद्यक : जामखेड ते गडचिरोली

सामाजिक परिवर्तनाचे ध्येय घेऊन उभ्या राहिलेल्या संस्थांचा इतिहास लिहिताना त्यांच्या धुरीणांचा त्याग, जिद्द आणि त्यांनी उभारलेल्या वास्तू यांची नोंद आवर्जून केली जाते. मात्र स्वतःजवळची विद्या आणि त्या विद्येतून येणारा अधिकार या धुरीणांनी किती जणांच्या हाती सोपवला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्यकार्याच्या 1970 नंतरच्या वाटचालीला हा प्रश्न लावून पाहिला, तर जामखेड आणि गडचिरोली या दोन ठिकाणचे काम इतर अनेक सेवाभावी रुग्णालयांच्या कामाहून वेगळे का ठरले, याचा उलगडा होऊ लागतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शिक्षणानंतर दोघांनी याच जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले होते. तेथे बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात येतो, कारण आजाराचे मूळ गावातील पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात असते, ही गोष्ट त्यांच्या पक्की ध्यानात आली होती. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना त्यांना डॉ. कार्ल टेलर यांच्यासारखे गुरू लाभले. अवर्षणप्रवण, रस्त्यांपासून दूर आणि जातिभेदाने चिरफाळलेला जामखेड तालुका त्यांनी जाणीवपूर्वक निवडला, आणि 1972 च्या दुष्काळाने त्या निवडीची कसोटी लगेचच पाहिली.

प्रकल्पाच्या आरंभी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला, पण बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकांना गावात ना घर मिळे ना विश्वास, आणि बाळंतपण किंवा कुटुंबनियोजन यांसारख्या विषयांवर गावातील बाया त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलत नसत. या अपयशातूनच गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि प्रकल्पाने तिला शिकवावे, ही कल्पना रुजली. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित किंवा भूमिहीन कुटुंबांतल्या होत्या, आणि काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. म्हणजे गावाच्या उतरंडीत ज्यांच्या शब्दाला सर्वांत कमी वजन होते, त्यांच्याच हाती बाळंतपण, अतिसार, क्षय आणि कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान आले. प्रशिक्षणासाठी त्या दर आठवड्याला जामखेडला येत, तेथेच मुक्काम करीत आणि जातीपातीचे सोवळे बाजूला सारून एका पंगतीत जेवत. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या या मुक्कामांत आधी त्या स्त्रीचा स्वतःवरचा विश्वास जागा होई, आणि रोगाची लक्षणे, औषधाचे प्रमाण हे सारे त्याच्या मागोमाग येई. ‘प्रशिक्षण’ हा शब्द येथे काहीसा अपुरा पडतो, हे मान्य करावे लागते.

पाण्याच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. कूपनलिका दलित वस्तीतच घेतली की सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागते आणि अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्यान देण्याची गरज उरत नाही, असा हिशेब आरोळे दांपत्याने केला होता. गावागावांत शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, आणि वैद्यकीय वाटणाऱ्या कामाचा बराचसा भार या मंडळांनी उचलला. दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षभराच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे अर्भकमृत्यू दर. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये 176 असलेला हा दर 1976 मध्ये 52 पर्यंत खाली आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यसेवांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. 1978 मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत केला तेव्हा जामखेडचे उदाहरण जगापुढे होते, आणि 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केंद्र शासनाने 2 ऑक्टोबर 1977 पासून लोकआरोग्यसेवकांची देशव्यापी योजना सुरू केली, हे या काळातील एक मोठे पाऊल होते. हजार लोकसंख्येमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिन्याला 50 रुपये मानधन आणि तेवढ्याच रकमेची औषधे, असे तिचे स्वरूप होते. परंतु निवडले गेलेले सेवक बहुतांशी पुरुष होते, निवडीवर गावच्या कारभाऱ्यांचा पगडा राहिला, आणि तीन महिन्यांनंतर त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते; परिणामी ही योजना हळूहळू क्षीण होत गेली. त्याच सुमारास डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावातील स्त्रियांना घेऊन केलेला प्रयोग आरोग्याच्या दृष्टीने यशस्वी होऊनही स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे थांबवावा लागला. गावातील साध्या स्त्रीच्या हाती ज्ञान आले की ती प्रश्न विचारू लागते, आणि त्या प्रश्नांची झळ ज्यांना लागते ते स्वस्थ बसत नाहीत, हे मांडव्याने दाखवून दिले. जामखेडच्या यशोगाथेइतकाच या थांबलेल्या प्रयोगाचाही अभ्यास व्हायला हवा होता. तो पुरेसा झालेला नाही.

गडचिरोलीचा जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ या संस्थेच्या कामाला प्रारंभ केला तो 1980 च्या दशकाच्या मध्यात. हे दोघेही जॉन्स हॉपकिन्स येथे कार्ल टेलर यांच्याच परंपरेत शिकलेले असल्यामुळे जामखेड आणि गडचिरोली यांच्यात एक गुरुबंधुत्वाचे नाते आहे. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात गेले. जामखेडच्या कामाला ख्रिस्ती सेवाभावाची बैठक होती आणि गडचिरोलीच्या कामाला सर्वोदयी विचाराची. दोन्ही वाटा गावातल्या शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन मिळाल्या.

तरीही गडचिरोलीने एक निराळी भर घातली, ती संशोधनाची. वासा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांच्या तपासणीतून 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे, स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या जगभर रूढ असलेल्या समजुतीला धक्का बसला. संशोधन हे शहरातील संस्थेचे काम आणि गाव हे केवळ नमुने गोळा करण्याचे ठिकाण, ही विभागणीच येथे नाकारली गेली.

बालकांच्या न्यूमोनियावरील कामात ही दृष्टी अधिक जवळून पाहता येते. न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, आणि त्यापुढील वर्षभराच्या आतील बाळाचा 50 किंवा त्याहून जास्त असेल, तर धोका समजावा. परंतु गावातील अनुभवी दाईला साठापर्यंतचे अंक येत नसतील तर ही खूण तिच्या उपयोगाची कशी, या अडचणीवर उत्तर म्हणून एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्यासोबत तारेत ओवलेले मणी, एवढेच त्याचे रूप. दाईने बाळाच्या पोटाची हालचाल पाहत दहा श्वास मोजावेत, एक मणी सरकवावा, पुन्हा दहा मोजावेत. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर औषध सुरू करावे. दाईला जेवढे मोजता येत होते तेवढ्यातच निदान बसवण्याचा हा प्रयत्न होता, आणि तिच्या निरक्षरतेला कमतरता न मानता तिच्या नजरेला व अनुभवाला प्रमाण मानणारी ही रचना वैद्यकाच्या इतिहासात मानाच्या जागी ठेवण्याजोगी आहे.

पुढचे पाऊल याहून धाडसी होते. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत होणारे मृत्यू, म्हणजे नवजात मृत्यू, हे अर्भकमृत्यूंमधील सर्वांत हट्टी दुखणे. 39 गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे शिकवण्यात आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्यू दर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. शाळेच्या काही इयत्ता शिकलेल्या खेडूत स्त्रीने तान्ह्या बाळाला सुई टोचावी, ही कल्पना वैद्यकीय व्यवसायाला पचणारी नव्हती. ज्या गावात डॉक्टर पोचतच नाही तेथे ही सुई नाकारणे म्हणजे बाळाला मृत्यूच्या स्वाधीन करणे, ही गडचिरोलीची भूमिका मात्र आकड्यांच्या आधारावर ठाम उभी राहिली.

2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ ही गावपातळीवरील स्त्री आरोग्य कार्यकर्ती देशभर नेमली, आणि 2011 मध्ये घरपोच नवजात बालसेवा हा तिच्या कामाचा भाग झाला. रुग्णालयातील बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात गृहभेटी, व त्याबद्दल 250 रुपये, असा नियम ठरला. एखाद्या आडगावातील प्रयोग इतक्या मोठ्या देशाच्या धोरणात उतरावा, ही सामान्य घटना नव्हे, आणि तिचे श्रेय या संस्थांच्या धुरीणांना निःसंशय जाते. तथापि या हस्तांतरात काय मागे राहिले तेही पाहिले पाहिजे. शासनाने गृहभेट घेतली, पण सुई आशाताईच्या हाती दिली नाही. कामांची यादी घेतली, पण जामखेडचा तो आठवड्याचा मुक्काम घेतला नाही. आणि तिला वेतनदार कर्मचारी न मानता कामागणिक मोबदला मिळणारी स्वयंसेविका ठरवले. 2021 च्या जून महिन्यात, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातील हजारो आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला, आणि त्यानंतर वर्षभरातच, मे 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मानाने गौरव केला. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या की हा सारा व्यवहार किती अपुरा राहिला आहे, हे तीव्रतेने जाणवते.

नेतृत्वाच्या वारशाबाबत दोन्ही संस्थांचे मार्ग वेगळे राहिले. गडचिरोलीने 2006 पासून ‘निर्माण’ या उपक्रमाद्वारे तरुणांना समाजकार्याकडे वळवण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. डॉ. मेबल आरोळे यांचे 1999 मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे 2011 मध्ये निधन झाले, तेव्हा जामखेडची धुरा त्यांच्या कन्या डॉ. शोभा आरोळे यांच्याकडे आली. पण तेथील खरा वारसा कुटुंबापुरता मर्यादित नव्हता. 1992 मध्ये जामखेडला सुरू झालेल्या प्रशिक्षण संस्थेत परदेशांतून येणारे डॉक्टर आणि आरोग्य व्यवस्थापक ज्यांच्याकडून शिकत आले, त्या शिक्षकांमध्ये गावातल्या त्याच आरोग्य कार्यकर्त्या होत्या, ज्यांतल्या कित्येकींना जामखेडला पहिल्यांदा आल्या तेव्हा चारचौघांत स्वतःचे नाव सांगणेही अवघड जात असे.